पितळी दिवे आणि जीपची चाकं

मी टांगा बोलतोय. आधी मला नीट बघा, हवं तेवढं हसून घ्या, मग सांगतो. वर कातडी हूड, दोन बाजूंना पितळी दिवे, पाठीवर रंगवलेला मोर आणि खाली जीपची रबरी चाकं. नवरदेवाला गमबूट घालावेत तसा मी दिसतो. हे मला माहीत आहे, तुम्ही तोंड वाकडं करून दाखवायची गरज नाही.

जन्मापासून मी असा नव्हतो. नाशिकला शालिमारच्या स्टँडवर माझ्या उंच, सडपातळ लाकडी चाकांचा रुबाब होता. त्यांच्यावर चढवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, जेमतेम दोन बोटं रुंद. डांबरी रस्त्यावर मी इतका अलगद पळायचो, की मागे बसलेल्या बाईंच्या मांडीवरचा डबासुद्धा हलायचा नाही. माझे मालक लहानूभाऊ घोड्याला शिव्या द्यायचे आणि गिऱ्हाइकाला "या साहेब" म्हणायचे. खरं तर उलट पाहिजे होतं. त्या दोघांत घोडा जास्त गुणी असायचा.

मग रिक्षा वाढल्या. १९९३ साली लहानूभाऊंनीही एक घेतली, घोडा मेहुण्याच्या गळ्यात मारला आणि मला पिंपळगाव बसवंतला केरू सुताराच्या आवारात विकायला नेऊन लावलं.

तिथे माझ्या शेजारी एक छकडा उभा होता. ना हूड, ना दिवे, ना रंग. चार फळ्या आणि खाली जीपची जाडजूड रबरी चाकं. मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

एके दिवशी वाल्मीक आणि त्याची बायको शकुबाई गाडी बघायला आले. सायखेड्याच्या खालच्या अंगाला गंगेच्या वाळूत त्यांची टरबुजाची वाडी होती. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. टरबुजं वाळूतून वर रस्त्यापर्यंत आणायला त्यांना गाडी पाहिजे होती. रंभा नावाची घोडी घरचीच होती. तोवर बिचारी पाठीवर गोण्या वाहायची.

शकुबाई सरळ छकड्याकडे गेली. तिने टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि गाडी जरा मऊ मातीत फिरवून दाखवा म्हणाली. पण वाल्मीकने पिशवीतून तांब्या काढला.

"आमच्या घरात गाडी तांब्यानं घेत्यात," तो केरूला म्हणाला.

त्यांच्या घरची रीत अशी, की काठोकाठ भरलेला तांब्या गाडीत ठेवायचा, गाडी रस्त्यावरून फिरवायची, आणि जिच्यात पाणी कमी सांडेल ती घ्यायची. वाल्मीकच्या आजोबांनी तशाच गाड्या निवडल्या होत्या. आजोबा लग्नाची वऱ्हाडं वाहायचे, तीही पक्क्या सडकेवरून. हा बारीक तपशील नातवाच्या ध्यानातून निसटला होता.

छकड्याला स्प्रिंगा नव्हत्या; त्याने पहिल्याच खड्ड्यात अर्धा तांब्या सांडला. मी माझ्या स्प्रिंगांवर हायवेवरून फिरून आलो, थेंब सांडला नाही. शकुबाई म्हणाली, नदीत सडक कुठून येणार? वाल्मीक म्हणाला, वाडवडलांची परीक्षा काय खोटी असंल? मी गप्प बसलो. खरं सांगायला पाहिजे होतं, पण माझी स्तुती चालली होती हो.

पहिल्या खेपेलाच माझी अब्रू गेली. चाळीस टरबुजं भरून रंभाने ओढ घेतली आणि माझी ती सडपातळ चाकं वाळूत आसापर्यंत उतरली. रंभाने मागे वळून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलो नाही. निम्मी टरबुजं उतरवली, तरी मी हललो नाही.

नेमकी त्याच वेळी काठावरच्या देवळाच्या भोंग्यावरून सूचना झाली. वरच्या धरणातून पाणी सुटलंय, परवा सकाळी इथे पोचेल, नदीपात्रातलं सामान हलवा. दिवाळीनंतर वाळूत आळी खणून, घागरीने पाणी घालून वाढवलेली सगळी वाडी समोर पसरली होती. वर्षाचं पीक एवढंच.

वाल्मीक चाकाला खांदा लावून ढकलत होता. शकुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तांब्यातलं पाणी सांडलं नाय ना? मग आता हे येतंय ते सांभाळ."

 वाल्मीकने रंभाला सोडवलं, तिच्यावर बसला आणि तडक पिंपळगाव गाठलं. छकडा तोवर कोणी घेतला नव्हता, पण केरूने त्याच्या फळ्या दुसऱ्या कामाला वापरल्या होत्या. उरला होता फक्त आस आणि ती जाडजूड चाकं. दुसऱ्या दिवशी सकाळी केरू ती टेम्पोत घालून नदीवर घेऊन आला. गावच्या माणसांनी मला उचलून काठावर नेलं. केरूने माझे पाय काढले आणि त्या छकड्याचे बसवले. ज्याच्याशी मी बोललो नव्हतो, त्याचे.

मला लाज वाटली. पण वाळूत उतरलो आणि रुतलो नाही. त्या दिवशी मावळतीपर्यंत सात खेपा झाल्या, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चार. शेवटच्या खेपेला पाणी रंभाच्या गुडघ्याला लागलं होतं. कडेची आळी गेली आणि त्यांतली टरबुजं तरंगत खालच्या गावाला निघाली. तिथल्या लोकांनी म्हणे नदीत उभं राहून ती झेलली. बाकी वाडी वाचली. शकुबाईने पहिलं टरबूज फोडून आधी रंभाला दिलं, मग माझ्या दिव्यावरचा चिखल पदराने पुसला.

तशी आठ-नऊ वर्षं गेली. सुखाची होती.

पुढे नदीत डंपर उतरले. वाळू उपसून उपसून खाली खडक उघडा पडला. ज्या वाळूसाठी मी माझे पाय बदलले, ती शहरातल्या भिंतींत जाऊन बसली. वाडी बंद झाली. रंभा म्हातारी होऊन गेली. वाल्मीक पिंपळगावला द्राक्षं पॅक करायच्या कामाला लागला आणि मी घरामागे उभा राहिलो. माझी जुनी चाकं हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने नेली. पांढरा रंग देऊन दाराशी टेकवून ठेवली आहेत. लोक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. चाळीस टरबुजं ज्यांना झेपली नाहीत, त्यांचा हा थाट.

परवा, म्हणजे २००८चा मोठा पूर ओसरल्यावर, तोच हॉटेलवाला मला न्यायला आला. मूळची चाकं लावू, लायटिंग करू, मुलं वर बसतील. वाल्मीकला पटत होतं. मलाही, खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला.

शकुबाई तेवढ्यात नदीकडून आली. तिच्या पावलांना ओली वाळू चिकटली होती. पुराने खडकावर वीतभर आणून टाकली होती. ती खाली वाकली आणि माझा टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"हवा भरावी लागंल," ती वाल्मीकला म्हणाली. "घोडीचं बघ कुठं."

हॉटेलवाला हसला. हसू द्या. वाचणाऱ्यांनो, वीतभर वाळूत टरबूज होतं की नाही, मला कळत नाही; मी सडकेवरचा. तुमच्यापैकी कोणी डंपर घेऊन गंगेकडे निघाला असाल, तर एवढी वीतभर तिथेच राहू द्या. आणि पंप असेल, तर जरा इकडे या.