सभासद क्रमांक दहा

मामा वकील. आजोबांनी बांधलेल्या चौदा खोल्यांच्या घरात एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं, आणि बहुतेक खोल्यांना कुलूप. मला वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा आईने मला सरळ त्यांच्या गळ्यात मारलं.

महिन्याभराने मी हळूच विचारलं, "मामा, माझ्या दोन मैत्रिणींचीही पंचाईत झालीय. आणू?"

"दोनच ना?"

वर्ष सरेपर्यंत आम्ही नऊ जणी झालो. स्वयंपाक, केर, भांडी, सगळं पाळीने. कठड्यावर ओले टॉवेल बघून मामा कपाळाला हात लावायचे. शेवटी त्यांनी वीस कलमांची नियमावलीच टाइप करून आणली.

"मान्य, पण मतदान घेऊन," माझी एक मैत्रीण म्हणाली. ती राज्यशास्त्र शिकायची आणि कुणाच्या बापाला भीत नसे.

मामांना हसू आलं. "घ्या की!"

एकोणीस कलमं झटपट मंजूर झाली. विसावं होतं, दिवाणखाना उघडायचा नाही. आजोबाही वकील; मामांचे ते अण्णा तिथे पक्षकारांना भेटायचे. ते गेल्यापासून मामांनी तिथली खुर्चीही हलवली नव्हती. आम्हाला मात्र अभ्यासाला जागा हवी होती. नऊ विरुद्ध एक. मी विरोधात हात वर केला, तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवस ते आपल्या खोलीतच जेवले. मला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून खडखडाट ऐकू आला. मामा बाह्या सरसावून दिवाणखान्याच्या खिडक्या उघडत होते.

"बघत काय उभी राहिलीस? टेबलाचं ते टोक धर."

"मामा, रागावलात ना?"

"रागावलो होतो. मग आठवलं, अण्णा इथे बसून जन्मभर भाडेकरूंच्या बाजूने लढले. त्या दिवशी असते, तर त्यांनीही तुमच्याबरोबर हात वर केला असता."

पुढच्या वर्षी त्यांनी घराची सहकारी संस्था केली. कागदपत्रं स्वतःच लिहिली. राहणारा प्रत्येकजण सभासद, प्रत्येकाला एकच मत. आम्ही पहिल्या नऊ जणी, ते दहावे.

आता तिथे तीस मुलंमुली राहतात. परवा मी गेले, तेव्हा मामा स्वयंपाकघरात एका नव्या मुलीला कांदा चिरायला शिकवत होते.

"आलीस?" मान वर न करताच ते म्हणाले. "हात धू. बटाटे सोलायचे राहिलेत."

मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसले.