रताळ्यांच्या वाफ्यातलं डुक्कर

सकाळी सकाळी इनासनं आपल्या रताळ्यांच्या वाफ्यात डुक्कर पकडलं आणि गावभर बोंब मारली, "कैतानचं डुकर! या रे, बगा, शेवटी घावलं!"

नाहूरच्या पुढं, मिठागरांच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची ही एवढीशी वाडी. डुक्कर घरोघरी. नेम एकच होता, दुसऱ्याच्या पिकात डुक्कर सापडलं तर गावानं ते कापून वाटून घ्यायचं, मालकाला वाटा नाही. हा नेम इनासनंच भांडून करून घेतला होता, कारण शेजारच्या कैतानवर त्याचा दात होता. कैतान फाटक उघडं टाकतो, कैतान देवळात मिसाच्या प्रार्थनेला उशिरा येतो, कैतानची बायको मोठ्यानं हसते. भावाचा न्याय करण्याआधी आपलं मन तपासा, असं पाद्री आदल्याच रविवारी वेदीवरून सांगत होते. तेव्हा पुढच्या बाकावरच्या इनासनं मागं वळून बघितलं, कैतान ऐकतोय की नाही.

डुक्कर क्रुसापाशी आणून बांधलं. चिखलानं माखलेलं. कैताननं चारी बाजूंनी बघितलं.

"इनासदादा, हे माजं न्हाय. माजं घरी बांदलंय. तू आदी तुज्या डुकराच्या खोपटात बगून ये."

"मी? माजं डुकर पोरीच्या, फिलूच्या लग्नासाटी राकलंय. दारात उभं राहून भरडा खातं. ते रताळ्याकडं ढुंकूनसुदिक बगनार न्हाय."

"तरी पन जा की. घर काय लांब हाय? तुजी कौलं दिसतात इथनं."

"चोरानं मला माजं घर दाखवायचं? सुरी आना रे!"

डुकराचा डावा कान लहानपणी कुत्र्यानं फाडलेला होता, आणि तो चिखलातूनही दिसत होता. निम्म्या गावानं ओळखला. इनासला ओळखता आला नाही. चारायचं काम त्याच्या बायकोचं, रेजिनचं, आणि हा सदा दुसऱ्यांच्या फाटकांवर नजर ठेवून. पण सुरीला धार लागली होती, बायका कांदे चिरायला बसल्या होत्या, आणि आपापली डुकरं त्या घडीला कुठं आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. कोणी बोललं नाही. कैतानही गप्प झाला.

कापलं, वाटलं. पीक इनासचं म्हणून मागची तंगडी त्याला मिळाली. ती खांद्यावर टाकून तो घरी आला, तर रेजिन दारात धापा टाकत उभी.

"आपलं डुकर कुटं दिसलं का वो? दावं तोडून गेलंय. मिठागरापरेंत धुंडून आले मी."

इनासनं खांद्यावरची तंगडी खाली घेतली.

"दिसलं," तो म्हणाला.

आपलंच डुक्कर, आपल्याच वाफ्यात. नेमाप्रमाणं हा गुन्हासुद्धा नव्हता. पण लग्न आठवड्यावर आलेलं, आणि दारूबंदी आल्यापासून लग्नाची सगळी अब्रू मटणावर येऊन ठेपलेली. वऱ्हाड नुसत्या भातावर उठलं तर सासरी जन्मभर फिलूलाच ऐकून घ्यावं लागणार. फिलू रडून रडून झोपली.

दुसऱ्या दिवशी इनास कैतानच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"कैतान, तुजं डुकर मला दे. गावापुढं सांगतो, चूक माजी."

"गावाला काय सांगतोस? गावानं ओळकूनच खाल्लं."

इनास ओट्यावर बसला. "म्हंजे एकटा तूच खरं बोललास."

"दोनदा बोललो," कैतान म्हणाला. "तिसऱ्यांदा तोंडात आलं व्हतं. कान दाखवनार व्हतो. मंग म्हनलं, कापू दे. चांगली अद्दल घडू दे याला. लई गोड वाटलं, दादा, सुरी लागताना. रात्री बायकोनं इचारलं, तू का गप बसलास, तवा कळलं, चूक माजीबी हाय." त्यानं खोपटातून डुक्कर बाहेर काढलं. "म्हनून देतो हे. उपकार समजू नको."

कैतानला चार शब्द सुनावायची अशी आयती संधी इनासला आयुष्यात मिळाली नव्हती. त्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि दावं हातात घेतलं. डुक्कर जागचं हलेना, तेव्हा कैताननं ते मागून ढकललं.