व्हॅन डोर्नांचा मूळपुरुष

क्लॅरिसने ओल्या फडक्याने फरशी पुसली, ती वाळेपर्यंत फुंकर घातली आणि खडू आडवा धरून घासायला सुरुवात केली.

"ऑब्री, बाजूला हो. उजेड अडवतोयस माझा."

गॉलच्या जुन्या डच चर्चची अर्धी जमीन थडग्यांच्या दगडांनीच बांधलेली आहे. त्यांच्यावरून दोनशे वर्षं माणसं चालत आली, त्यामुळे अक्षरं पार झिजली होती. ऑब्री दोन पावलं सरकला. क्लॅरिसचा हा धाकटा भाऊ कोलंबोला रेल्वेत हेडक्लार्क होता, आणि मेलेल्या माणसांचा त्याला मनापासून कंटाळा.

"सापडला का अक्का तुझा म्हातारा?"

"माझ्या एकटीचा आहे का तो? तुझ्या खापरपणजोबाचा बाप. टोपी काढ आधी."

खडूच्या पांढऱ्यातून एकेक काळं अक्षर वर येऊ लागलं. यान व्हॅन डोर्न. गाव झ्वोल. कंपनीचा सुतार.

"सुतार?" ऑब्रीचा चेहरा पडला. "नोलीनच्या माहेरी मी कप्तान म्हणून सांगून ठेवलंय."

"सुतार तर सुतार. हॉलंडचा आहे ना? तेवढ्यावर आपलं भागतं."

भागायला हवंच होतं. सिंहली ही सरकारी भाषा झाली आणि बर्गर, म्हणजे डचांच्या मिश्र वंशातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांच्या गल्लीत घरोघरी ट्रंका माळ्यावरून खाली आल्या. ज्याला त्याला ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. ऑस्ट्रेलियाला मात्र सगळेच चालत नव्हते. अंगात निदान बारा आणे युरोपचं रक्त आहे हे कागदोपत्री दाखवावं लागे, आणि चेहऱ्यावर ते सोळा आणे दिसावं लागे. ही दुसरी अट कुठे लिहिलेली नव्हती, पण ती ठाऊक नाही असं एकही घर नव्हतं.

ऑब्री आईसारखा गोरा. त्याची बायको नोलीन गोरी, आणि सात वर्षांची बेरिल तर लोण्यासारखी. क्लॅरिस वडिलांच्या आईवर गेली होती. सावळीबिवळी नव्हे, चांगली काळी. "तुला भट्टीत ठेवून विसरले," असं ऑब्री लहानपणी चिडवायचा आणि कानाखाली खायचा. तिने लग्न केलं नाही. शाळेत भूगोल शिकवून तिने ऑब्रीला वाढवलं, त्याचं लग्नही लावून दिलं. आता बेत असा होता की ऑब्रीने आधी जायचं, घर करायचं आणि मग बहिणीला बोलावून घ्यायचं. सख्ख्या भावाने हमी घेतली तर चेहरा फारसा बघत नाहीत, अशी माहिती त्याने आणली होती. क्लॅरिसचा त्यावर विश्वास बसला होता. मेलबर्नच्या थंडीसाठी तिने एक जुना लोकरी कोटही घेऊन ठेवला होता.

मुलाखतीला तिने जायचं ठरलं नव्हतं. पण घराण्यात तीन कॉर्नेलिस होते आणि ऑब्रीला ते काही केल्या वेगळे होईनात. आदल्या संध्याकाळी नोलीन वैतागली.

"अक्का, तुम्ही चलाच बाई. हे तिथे आजोबांना नातू करून ठेवतील."

ऑस्ट्रेलियाच्या परवान्याच्या कचेरीतला साहेब तरुण होता, उन्हाने लाल झालेला, बोलायला गोड. त्याने ऑब्रीकडे पाहिलं, नोलीनकडे पाहिलं, बेरिलला नाव विचारलं आणि समाधानाने मान हलवली. मग त्याची नजर टोकाच्या खुर्चीवर गेली आणि तिथे जरा जास्तच थांबली.

"आणि या?"

ऑब्रीने तोंड उघडलं. काय बोलायचं हे त्याने खरोखरच ठरवलं नव्हतं.

"मिस परेरा," तो म्हणाला. "आमच्या बर्गर लोकांच्या युनियनकडून आल्यात. वंशावळ यांनीच तयार केलीय."

नोलीनचा हात गळ्यातल्या क्रूसावर गेला. क्लॅरिसने मांडीवरची गुंडाळी उचलली आणि टेबलावर पसरली. एका कोपऱ्यावर साहेबाची दौत ठेवली, दुसऱ्यावर स्वतःचा हात.

"आंटी, मला तहान लागली," बेरिल तिच्या दंडाला लगटून म्हणाली.

ऑब्रीने झटकन साहेबाकडे पाहिलं. साहेब मात्र हसला. "इथे येऊन एवढं शिकलोय मी. या देशात सगळ्याच बायका आंटी!"

क्लॅरिसने यान सुतारापासून सुरुवात केली. कोण कुठे जन्मला, कुणी कुणाशी लग्न केलं, कोणता कॉर्नेलिस पटकीने गेला आणि कोणता दारूने. वर्गात नद्या सांगाव्यात तसं तिने सगळं न अडखळता सांगितलं. साहेब कोपरं टेकून ऐकत होता.

"मला माझ्या आजोबांच्या पलीकडचं काही माहीत नाही," तो म्हणाला. त्याचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. "हे ऑब्री एडवर्ड, म्हणजे तुम्ही. आणि ही तुमच्याआधीची क्लॅरिस मॉड? बहीण?"

"हो," ऑब्री म्हणाला.

"अविवाहित दिसतात. त्याही येणार का तुमच्या मागून?"

ऑब्री बुटांकडे पाहत राहिला. हो म्हटलं तर कधीतरी त्या क्लॅरिस मॉडला याच टेबलापुढे येऊन उभं राहावं लागणार होतं. हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं. क्लॅरिसच्या ध्यानात ते परेरा हे नाव ऐकल्या क्षणीच आलं होतं.

"नाही," क्लॅरिस म्हणाली. "तिला इथेच राहायचंय."

"नक्की ना? आत्ताच नोंदवलं तर पुढे सोपं जातं."

"नक्की. मी विचारलंय तिला."

साहेबाने पेन्सिलने काहीतरी टिपलं, उठून सगळ्यांशी हात मिळवला आणि परवान्याची काळजी करू नका म्हणाला. क्लॅरिसचा हात त्याने जरा जास्त वेळ धरला. इतकं नीट केलेलं काम क्वचित बघायला मिळतं, असंही म्हणाला.

नोलीन बेरिलला घेऊन नळावर गेली. फाटकाबाहेर आल्यावर ऑब्री एकदम भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. अक्का, अक्का, एवढंच तो म्हणत राहिला. क्लॅरिसला त्याचा राग आला होता, भयंकर राग, आणि तरीही तिने त्याला आपला रुमाल दिला.

"डोळे पूस," ती हळू आवाजात म्हणाली. "साहेब खिडकीत उभा आहे. परक्या बाईपुढे कुणी एवढं रडत नाही."