डावीकडून अकरावी पट्टी

"मामा, सही इथे," भाचा म्हणाला आणि पेनचं टोपण काढून पेन माझ्या पुढ्यात ठेवलं.

"आधी ऐकू तर दे. न ऐकता सह्या ठोकायला मी काय मंत्री लागून गेलोय?"

समोरच्या खुर्चीतल्या मॅडम हसल्या. त्या कंपनीच्या मालकीण. स्टुडिओच्या त्या खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना करड्या स्पंजचे चौकोन चिकटवलेले होते. टेबलावर कॉम्प्युटरला जोडलेला एक काळा कीबोर्ड. पट्ट्या हुबेहूब पियानोच्या, पण पोटात ना तार ना हातोडी. असल्या वस्तूसमोर मला उगाच परक्याच्या घरी आल्यासारखं वाटतं.

"ऐकायचं काय त्यात? तुमच्याच हातचा पियानो," मॅडम म्हणाल्या. "पण ऐका ना, जरूर ऐका."

मी पियानो जुळवतो. चाळीस वर्षं झाली. वाजवता म्हणाल तर एक धड गाणं येत नाही. तार ताणायची, सैल सोडायची आणि ऐकायचं, एवढंच येतं. लोक मला कानसेन म्हणतात. पहिल्यांदा कुणी चेष्टेने म्हणालं असेल, पुढे तेच नाव चिकटलं. मोठ्या सभागृहातला नऊ फुटी पियानो मी एकतीस वर्षं जुळवला. त्याच्या कुठल्या तारेला कधी सर्दी व्हायची तेही मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी सभागृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो, तर राखेत त्याचा लोखंडी सांगाडा तेवढा उरलेला. मी पायरीवर बसून रडलो. लाज कसली त्यात?

मग कळलं की आगीच्या आठवडाभर आधी भाच्याने त्या पियानोचा आवाज म्हणे भरून घेतला होता. एकेक पट्टी दाबायची, हळू, मध्यम, जोरात, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करायचा. मग तो सगळा संच कॉम्प्युटरवर विकायचा. घेणाऱ्याने घरबसल्या वाजवायचं. याला सॅम्पल लायब्ररी म्हणतात. लायब्ररी म्हणे! पुस्तक एक नाही. पण 'जळालेल्या सभागृहाचा पियानो' म्हटल्यावर लोकांच्या उड्या पडल्या. मला फक्त एकच गोष्ट सलत होती. रेकॉर्डिंगच्या आधी पियानो जुळवायला मला का नाही बोलावलं? मी नाही जुळवला तर मग कुणी जुळवला? भाचा म्हणाला, घाईत झालं मामा. मी रुसून बसलो आणि विषय तिथेच राहिला.

आता कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं की हा पियानो त्या सभागृहाचा नव्हेच, सगळी बनवाबनवी आहे. तेव्हा कानसेनांचं पत्र पाहिजे. त्या पियानोला ओळखणारा दुसरा कान आता राहिला नव्हता.

मी डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली. पहिली, दुसरी, तिसरी. सभागृहाचा घुमारा बरोबर होता, शेवटच्या रांगेवरून परतणारा. चौथ्या पट्टीला माझ्या मानेवर काटा आला. त्या घुमाऱ्याच्या आत आणखी एक खोली होती. लहान, बसक्या छताची. जाड पडद्यांची. आवाज आधी त्या खोलीत उठत होता आणि मग सभागृहात जात होता. मी म्हटलं, वय झालं, कानाला भास होताहेत.

अकराव्या पट्टीवर हात थांबला.

त्या पट्टीला दोन तारा असतात. त्या एका सुरात असल्या की आवाज सरळ जातो. नसल्या की हेलकावे येतात. हिला येत होते. सावकाश, दहा सेकंदांत तीन. सभागृहाच्या पियानोत असलं काही मी एक दिवस खपवून घेतलं नसतं. असे हेलकावे अख्ख्या जगात एकाच पियानोत होते, आणि तो माझ्या घरच्या पुढच्या खोलीत उभा होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मी कितीदा तार पिळायची किल्ली घेऊन बसलो, पण बायको हात धरायची. "दिवसभर जगाचं सरळ करता ना? घरात एक तरी गोष्ट वाकडी राहू द्या." मी राहू दिली. बायकोला जाऊन चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून मी त्या पियानोचं झाकण उघडलं नव्हतं.

मी बोट उचललं नाही. जुळवणाऱ्याची ही सवय असते, सूर मरेपर्यंत थांबायचं, कारण खोड कळते ती शेवटच्या धुगधुगीत. वाजवणारे थांबत नाहीत, त्यांना पुढे जायची घाई. तीस सेकंद गेले. चाळीस. आवाज सुतासारखा बारीक झाला, आणि तो तुटायच्या जरा आधी कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला.

"हं."

एवढंच. 'झालं, आता पुढची' अशा अर्थाचं. पोळपाट भिंतीला टेकवून ठेवताना ती तसंच म्हणायची. कपड्यांची घडी घालून झाली की तसंच.

मी पट्टी पुन्हा दाबली आणि पुन्हा चाळीस सेकंद थांबलो. ती पुन्हा आली.

"काय झालं? पाणी देऊ का?" मॅडमनी विचारलं.

"मला जरा याच्याशी एकट्याशी बोलायचंय."

मॅडम बाहेर गेल्या. भाचा कीबोर्डकडे बघत होता. चौतिशीचा गडी, पण खिडकीची काच फोडून यायचा तेव्हा दिसायचा तसाच दिसत होता. आई लवकर गेली त्याची. वाढला आमच्याच घरी, मामीच्या हाताखाली.

"हा माझ्या घरचा पियानो आहे."

"हो मामा."

"आणि ती?"

त्याने तोंडावरून हात फिरवला. "सभागृहात रेकॉर्डिंग करायच्या आधी मला सराव करायचा होता. तुम्ही तीन दिवस परगावी गेला होतात. मामी म्हणाली, मी दाबते पट्ट्या, तू त्या खोलीत बस. मामा, मी मोठमोठ्या वादकांबरोबर काम केलंय. पट्टी दाबून इतकं गप्प कुणी बसत नाही. खुर्ची कुरकुरते, पोट वाजतं, काही ना काही होतंच. मामीचं काही म्हणजे काही व्हायचं नाही. फक्त शेवटी ते 'हं'. आणि मग सभागृहातलं रेकॉर्डिंग व्हायच्या आधीच ते जळालं. कंपनीने जाहिरात करून टाकली होती. माझ्याकडे सगळं तयार होतं. वरून सभागृहाचा घुमारा चढवला, बस्स. लोक डोळ्यांनी ऐकतात मामा. जळक्या सभागृहाचा फोटो लावला की झालं."

"तिचे श्वास पुसलेस?"

"सगळीकडचे पुसले. ती गेल्यावर, विकायला काढायच्या आधी. एक मात्र पुसवेना. कुणी इतकं थांबतच नाही. वाटलं, राहू दे."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. मला आठवत होतं ते वेगळंच. मी परगावहून आलो त्या संध्याकाळी ती चहा देताना म्हणाली होती, "अहो, गंमत सांगू? मी तीन दिवस पियानो वाजवला." आणि मी म्हणालो, "हो का? जरा डोळे मिटून पडू दे, कान शिणलेत." ती गेली आत. पुढे कधी तिने ती गंमत सांगितली नाही.

आमच्या घराची तीच रीत होती. मी घरात आलो की रेडिओ बंद, भांडी अलगद, बोलणं कुजबुजत. कानावर पोट होतं ना माझं. तिने चाळीस वर्षं आवाज न करण्याचा सराव केला. पट्टी दाबून गप्प बसायला तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. तिचे फोटो आहेत पोतंभर. आवाज मात्र कुठेही नाही.

दार उघडलं. मॅडम आत आल्या आणि दार लावून घेतलं.

"माफ करा. इथला माईक चालू होता, मी बाहेर सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या. "मलाही हे मागाहून कळलं. तोवर हजारो लोकांनी घेतलं होतं." त्या वाईट बाई नव्हत्या, रडवेल्या झाल्या होत्या. "तीन दिवसांचं मूळ रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. न कापलेलं. पट्ट्यांच्या मधलं सगळं त्यात आहे. त्यांचं बोलणं, हसणं. बावीस तास. तुम्ही सही केलीत तर ते सगळं आजच तुमच्या घरी पोचतं करते."

"आणि नाही केली तर?"

"मग मला हे बाजारातून मागे घ्यावं लागेल. वकील एक बाइटसुद्धा ठेवू देणार नाहीत. मूळसुद्धा पुसावं लागेल." मग भाच्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि यालाही पुन्हा कुणी काम देणार नाही."

त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. स्पीकरमधून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्या घरातली खुर्ची, जिच्या एका पायाला मी कापड बांधलंय. मग ती बोलली. अगदी कानाशी.

"आता शेवटच्या दहाच राहिल्या ना रे? पटापट आवरू. उद्या तुझे मामा येतील. त्यांना आल्यावर शांत लागतं."

आणि हसली. इतकं मोठ्याने हसताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

मॅडमनी आवाज बंद केला. मी म्हणालो, "चालू ठेवा." त्या म्हणाल्या, "बाकीचं तुमचंच आहे." आणि कागद माझ्याकडे सरकवला.

खोटं कशाला बोलू, मी पेन उचललं. बावीस तास! रोज पाच मिनिटं ऐकली तरी नऊ महिने पुरलं असतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. कुणाचं काय जाणार होतं? जळालेला पियानो तर तक्रार करायला येणार नव्हता. भाच्याचं पोट राहिलं असतं. तीही म्हणाली असती, करा सही, लेकरू आहे आपलं.

मी कागद वाचला. "सदर आवाज हा मोठ्या सभागृहातील पियानोचाच असून दुसऱ्या कोणत्याही पियानोचा नाही, हे मी माझ्या कानांच्या साक्षीने लिहून देत आहे." पुन्हा वाचला. म्हणजे हा पियानो तिचा नाही. ते बोट तिचं नाही, तो श्वास तिचा नाही. असं माझ्या हाताने लिहून द्यायचं आणि मग तिचा आवाज पिशवीत घालून घरी न्यायचा. घरी बसून ऐकायचा कुठल्या तोंडाने? जिवंत होती तेव्हा मी तिला घरात असून नसल्यासारखी करून ठेवली. आता कागदावरही तेच करू?

"नाही जमणार," मी म्हणालो.

मी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: "हा आवाज माझ्या घरातल्या पियानोचा आहे. पट्ट्या माझ्या बायकोने दाबल्या आहेत. डावीकडून अकराव्या पट्टीच्या शेवटी जो श्वास ऐकू येतो, तो तिचा आहे." खाली तिचं पूर्ण नाव लिहिलं, मग माझं. कानसेन लिहिलं नाही. त्या नावावर माझा हक्क उरला नव्हता.

"विचार करा अजून," मॅडम म्हणाल्या.

"बाई, विचार केला तर सही करून बसेन. घ्या तो कागद."

जाण्याआधी मी ती पट्टी एकदा दाबली. त्या दोघांनीही चाळीस सेकंद हूं की चूं केलं नाही.

बाहेर रस्त्यावर भाचा माझ्या मागे मागे चालत होता. पुलापाशी आल्यावर म्हणाला, "मामा, चुकलो."

"चुकलास."

"मामी असती तर काय म्हणाली असती?"

"आधी जेवायला वाढलं असतं. पोट भरल्यावर लाटण्याने बडवलं असतं. चल घरी."

आठवड्याभरात कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं की मूळही पुसलं, वकिलासमोर. मी म्हणालो, बरं. फोन ठेवला आणि दिवसभर काही खाल्लं नाही.

रविवारी सकाळी मी पुढच्या खोलीतल्या पियानोचं झाकण काढलं. चौदा महिन्यांत सगळा विस्कटला होता. मी रबरी पाचरी मांडल्या, नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि मधल्या पट्ट्यांपासून कामाला लागलो. दुपार कलली तेव्हा खाली अकराव्या पट्टीपाशी पोचलो. तिच्या दोन तारा आता कचाकचा भांडत होत्या. सरळ करायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला पाऊण तास लागला, कारण मला ती सरळ नको होती, पूर्वीइतकीच वाकडी हवी होती. किल्ली केसभर इकडे, केसभर तिकडे. शेवटी आली. सावकाश, दहा सेकंदांत तीन.

मग बोट न उचलता थांबलो. तीस सेकंद, चाळीस सेकंद. आवाज बारीक होत होत गेला. तो गेल्यावरही मी बराच वेळ थांबलो. भाचा आत निजला होता. घर अगदी शांत होतं, मी घरी आल्यावर असायचं तसं.

"हं," शेवटी मीच म्हणालो, आणि दहाव्या पट्टीवर बोट ठेवलं.