परत घेण्याचा भाव

विमानतळावरच्या परकीय चलनाच्या काउंटरवर त्यांनी माझ्या बायकोच्या नोटा करून दिल्या. नव्याकोऱ्या, थोड्या मोठ्या, बऱ्याचशा लहान, आणि भोवती कागदाची पट्टी. पट्टीवर शाईनं लिहिलं होतं: शैलजा अरविंद निकम, सातारा, वय एकसष्ट. मी पट्टीवरचं वय तपासलं, पावतीवर सही केली आणि शैलाला कंबरेच्या पाउचमध्ये ठेवलं.

नियमच तसा आहे. परदेशी सहलीला जाताना जोडप्यातल्या एकाची रोख होते आणि दुसरा कार्डावर चढतो. कार्डावरचा माणूस नेहमीसारखा चालतो, बोलतो, रांगेत उभा राहतो. फक्त कार्ड वापरलं की त्याच्यातलं थोडं जातं. रोख वापरली की रोखीतल्या माणसाचं जातं. आमचे टूर मॅनेजर धामणस्कर यांनी सहलीआधीच्या बैठकीत उपमा खाता खाता हे सगळ्यांना समजावलं होतं. कोण काय होणार यावर आमच्यात वाद झाला नाही.

"मीच होते की रोख," शैला म्हणाली होती. "तुमची कंबर धरते. घडी कशी घालणार तुमची?"

मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होतो. बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही. माहितीपत्रकात तळाशी लिहिलं होतं की कार्डाला दर वेळी साडेतीन टक्के ज्यादा लागतील. रोखीला असं काही नव्हतं. हे मी तेव्हाच मनात पक्कं केलं होतं.

तरी पहिल्या दिवशी तळ्याकाठी कॉफी घेताना मी कार्डच काढलं. मशीनला नुसतं टेकवलं. कॉफी चांगली होती. अर्धा कप झाल्यावर लक्षात आलं की शाळेपासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता माझ्यातून गेला आहे. शाळा होती, घर होतं, मधे काही नव्हतं.

"शैला," मी पाउचची चेन थोडी उघडून विचारलं, "आमच्या शाळेच्या वाटेवर एक झाड होतं ना?"

"चिंच," ती आतून म्हणाली. "तुम्हीच सांगितलेलंत."

मी कार्ड पाकिटात अगदी आत सारलं.

"मग आता मलाच वापरा," ती म्हणाली. "घर तुमच्या नावावर, पेन्शन तुमची. तुम्ही कमी पडून कसं चालेल?"

मी नको म्हणालो नाही. ती दुसऱ्यांदा म्हणेपर्यंतसुद्धा थांबलो नाही.

प्रत्येक नोटेवर ती होती. पहिली नोट बोटीच्या तिकिटाला गेली. त्या नोटेवर ती खिडकीपाशी बसून, डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत होती. बोटीतून उतरल्यावर मी सहज विचारलं, "माझ्या शर्टाचं बटण लावशील ना गं?"

"कशानं लावतात?" ती म्हणाली.

त्यानंतर मी काळजी घ्यायला लागलो. हॉटेलच्या पलंगावर नोटा मांडायचो, उजेडात धरून बघायचो आणि तिची दुखणी आधी संपवायचो. दाढ काढलेली नोट मी सॉसेजवाल्याला दिली. माझ्या बहिणीशी झालेलं भांडण दिलं. स्कूटरवरून पडली होती तो पूर्ण आठवडा एका छत्रीला दिला. मला वाटलं, मी तिच्यावर उपकारच करतोय. पण तिसऱ्या दिवशी मी तासभर गल्ल्यांमधून हरवलो, बस माझ्यासाठी खोळंबली, तरी ती पाउचमधून एका शब्दानं रागावली नाही. माझ्यावर रागवायचं कसं, तेही त्या नोटांतच होतं. मला ते फार उशिरा कळलं.

नोटा मोडल्या की सुटे मिळत. नाण्यांवर ती दिसत नसे, पण नाणं कानाशी धरलं की तिचं खोकणं, भांडी लावणं, झोपेतलं कूस बदलणं ऐकू येई. ती नाणी मी पँटच्या खिशात ठेवत होतो. खिसा इतका जड झाला की पट्टा एक भोक आत घ्यावा लागला.

आमच्या मागच्या सीटवर कारखानीसबाई होत्या. त्यांचे यजमान त्यांच्या पर्समध्ये होते, पट्टीसुद्धा न तुटलेले. बाई सगळीकडे कार्डच टेकवत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःचा खोली नंबर विसरल्या, पाचव्या दिवशी स्वतःचं आडनाव.

"अधूनमधून रोखही काढा हो," मी त्यांना म्हणालो.

"छे," त्या म्हणाल्या. "मी काय, थोडी कमी झाले तरी चालतंय. ह्यांचा कोपरासुद्धा दुमडायला नको."

मला त्यांचा संताप आला. का आला ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर मी बसमध्ये पुढची सीट मागून घेतली.

सहाव्या दिवशी डोंगरावर जायचं होतं. शैलाला बर्फ पाहायचा होता. अडतीस वर्षं ती म्हणत होती आणि अडतीस वर्षं मी पुढच्या वर्षी म्हणत होतो. खरं तर ही सहल त्यासाठीच होती. रोपवेचं तिकीट महाग निघालं. खिडकीतल्या माणसानं लहान नोटा बाजूला सारल्या आणि मोठी मागितली. मागून रांग ढकलत होती. मी पाउचमध्ये हात घातला आणि न बघता एक मोठी नोट दिली.

त्यानं ती उजेडात धरली तेव्हा काचेतून मला दिसली. नोटेवर आमचं स्वयंपाकघर होतं. शैला स्टुलावर चढून, जुन्या कॅलेंडरचं बर्फाच्या डोंगराचं पान डब्यांच्या वर चिकटवत होती. खळ तिच्या कोपरापर्यंत ओघळली होती. मी "थांबा" म्हणालो. त्यानं नोट गल्ल्यात टाकली आणि तिकीट पुढे सरकवलं.

वर पोचल्यावर मी उरलेल्या नोटा दोन्ही हातांत घट्ट धरून वाऱ्यात उंच केल्या. चहूकडे बर्फ होता.

"हे पांढरं काय आहे?" तिनं विचारलं.

"बर्फ, शैला. बर्फ."

"असं होय," ती म्हणाली. "गार आहे फार. खाली जाऊ या?"

मी तिथे उभा राहून रडलो, ओक्साबोक्शी. धामणस्कर जवळ आले आणि ग्रुप फोटोसाठी सगळे थांबलेत म्हणाले. फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे.

परतल्यावर त्याच काउंटरवर मी उरलेल्या नोटा दिल्या. काउंटरवरच्या बाईंनी त्या मशीनमधून फिरवल्या.

"परत घेण्याचा भाव वेगळा असतो, माहिती आहे ना?" त्या म्हणाल्या. "आणि नाणी आम्ही घेत नाही."

"नाण्यांत तिची झोप आहे," मी म्हणालो.

"नाणी कुणीच घेत नाही, काका."

बाजूचं दार उघडलं आणि शैला बाहेर आली. पूर्वी ती माझ्या खांद्याला लागायची, आता कोपराच्या थोडी वर होती. साडी नीट नेसलेली, केस विंचरलेले. तिनं मला नमस्कार केला आणि रांग कुठून सुरू होते ते विचारलं. पलीकडच्या काउंटरवर कारखानीस सबंधच्या सबंध उभे होते, मिशांसकट, आणि बायकोचा हात धरून तिला तिचं नाव सांगत होते. बाई हसत होत्या. ते पुन्हा सांगत होते.

"कमी पडलेलं कार्डातून भरून काढता येतं," काउंटरवरच्या बाई मला म्हणाल्या. "तुमच्यातलं जाईल, ह्यांच्यात येईल. घाई करा, मागे लोक आहेत."

"किती भरता येईल?"

"तुमच्यात शिल्लक असेल तितकं."

"सगळं घ्या," मी म्हणालो. साडेतीन टक्क्यांबद्दल मी विचारलं नाही.

त्यांनी कार्ड मशीनमध्ये सरकवलं आणि मशीन माझ्यापुढे धरलं. रक्कम मोठी होती, म्हणून त्यानं पिन मागितला. चार रिकाम्या जागा उघडमीट करत होत्या. पिन मी कधी लक्षात ठेवला नव्हता. दुकानात मी नुसतं मागे वळून बघायचो आणि शैला हळूच माझ्या कानात आकडे सांगायची.

मी वळून बघितलं. शैलानं आधी मशीनकडे पाहिलं, मग बटणांवर अडलेल्या माझ्या बोटाकडे. अनोळखी माणूस पिन टाकताना सभ्य माणसं करतात तसं तिनं केलं. ती दोन पावलं मागे सरली आणि तिनं मान दुसरीकडे फिरवली.