छाती बेचाळीस

मास्तरच्या नाकावर राग होता आणि हातात कात्री. एके दिवशी दोन्ही एकदम चालले, शेजारच्या दुकानदाराचा दंड उसवला आणि मास्तरला तीन वर्षांची सजा झाली. जाताना शिवणाचं दुकान त्याने बायकोच्या हवाली केलं, पण मापांची वही दिली नाही, कारण वही नव्हतीच. वीस वर्षांची गिऱ्हाइकं त्याच्या डोक्यात होती. वही शिकाऊ लोकांनी ठेवावी, असं तो मिशीवर ताव देऊन सांगायचा.

मग बायकोची पत्रं सुरू झाली. वकिलांचा कोट आलाय, माप कळवा. खाली मुलीविषयी चार ओळी असायच्या, पण मास्तरची नजर वरच्या गिऱ्हाइकावरच. दर रविवारी तो उत्तर लिहायचा: छाती बेचाळीस, बाही चोवीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता. आणि तुरुंगात पत्रं तपासणारा कारकून एकेका आकड्यावर काळी शाई फिरवायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. या गृहस्थाच्या मनात बारा महिने पौर्णिमा. आकडा दिसला की त्याला भिंतीची उंची नाहीतर पहाऱ्याची वेळ दिसायची. घरी पोचायचं ते 'वकील, छाती' आणि पुढे डाग. गिऱ्हाइकं तुटू लागली असं बायकोने कळवलं, ते वाक्य मात्र कारकुनाने जसंच्या तसं येऊ दिलं.

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्रांच्या खिडकीशी जाऊन त्याने विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? कारकुनाने मान वर न करता सांगितलं की नियमांचं पुस्तक बांधणीला गेलंय. आता बांधणीखातं तुरुंगातच, मास्तर काम करायचा त्या शिवणखात्याच्या भिंतीला लागून. पुस्तक तिथे वर्षभर बांधून तयार पडलं होतं, न्यायला कुणी आलं नव्हतं. मास्तरने ते पाठ केलं. सुरक्षेला धोका असेल तेवढंच खोडायचं, आणि का खोडलं ते कैद्याला सांगायचं.

अधीक्षक फेरीला आले तेव्हा त्याने नियम म्हणून दाखवला. वर म्हणाला, "साहेब, तुमची छाती चाळीस, कंबर बेचाळीस. हे सरकारी गुपित आहे का?" अधीक्षकांनी पोट आत घेतलं आणि आकडे सोडायचा हुकूम दिला. पत्रं सुरू झाल्यापासून चार महिन्यांनी मास्तरची सगळी मापं एका पत्रात, एकही डाग न पडता घरी गेली.

उत्तर आलं ते कारकुनाने आधी वाचलं होतंच. खिडकीतून कागद सरकवताना आज पहिल्यांदा त्याने वर पाहिलं.

बायकोने लिहिलं होतं: 'मापं मिळाली. आता नकोत. वाट पाहून थकले, मग टेप घेऊन घरोघर गेले आणि वही केली. लोक परत येताहेत. दुसरं काही लिहायचं असेल तर लिहा.'

"हे तुमच्यामुळे झालं," मास्तर म्हणाला. "माझी पत्रं तुम्ही मारलीत."

"सोळा पत्रं वाचली तुझी," कारकून म्हणाला. "पोरीला टायफॉइड झाल्याचं तिने तीनदा लिहिलं. बरी झाली का, एकदा तरी विचारलंस? मी मापं खोडली. बाकी खोडायला होतंच काय?"

मास्तरला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. त्याहून जास्त वाटली ती लाज, कारण ऐकत होता तो शब्द न् शब्द खरा होता. त्याने कोरा कागद मागितला आणि तिथेच उभ्याने लिहायला घेतलं. वकिलांची बाही त्याला झोपेतही आठवली असती. मुलीचा शेवटचा फ्रॉक बावीस इंचांचा होता, दीड वर्षापूर्वी. आज किती लागेल, ते सांगता येईना.

मग त्याने एकच ओळ लिहिली, 'पोरीला उभी करून माप घे आणि कळव', आणि कागद खिडकीत आपटला.

"खोडून दाखवा," तो म्हणाला.