एका दुपारचा गेम

मित्रांनो, मी एक जुनी गेमची सीडी आहे आणि मला आता गरगरायचा कंटाळा आला आहे. तुम्ही म्हणाल, सीडीला कसला आलाय कंटाळा? बसल्या जागी गोल फिरायचं, ना ऊन ना पाऊस. जरा फिरून बघा मग. मी आजवर इतकी फिरले आहे, की तेवढी सरळ वाटेने चालले असते तर चंद्रावर पोचून, तिथे कोणी घरी नाही म्हणून परत येऊन, विसरलेली छत्री आणायला पुन्हा गेले असते. थोडं वाढवून सांगते आहे, मान्य. पण थोडंच.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून चपटं केलं, वर चंदेरी मुलामा चढवला आणि मधोमध भोक पाडलं. भोक पाडताना मला कोणी विचारलं नाही. मग माझ्या पोटात एक छोटासा गेम भरला. दोन हमाल लांबलचक शिडी खांद्यावर घेऊन डोंगर चढतात. माथ्यावरच्या मनोऱ्यातला दिवा विझलाय, तो लावायचा. झालं, एवढीच गोष्ट. पुढचा हमाल वाट काढतो, मागचा तोल सांभाळतो. म्हणून खेळणाऱ्या दोघांनी सारखं बोलत राहावं लागतं. वळ, थांब, वाक, चल. एक जरी गप्प बसला, तरी शिडी दरीत.

जेवून बसलं तर दिवेलागणीपर्यंत हा गेम संपतो. कुठवर आलो ते जपून ठेवायची सोय माझ्यात नाही. एवढ्याशा गेमला ती कशाला, असं बनवणाऱ्यांना वाटलं असावं. बटण बंद झालं, की पुन्हा डोंगराच्या पायथ्यापासून.

मी विक्रीला आले ते मीटरकाकांच्या दुकानात. त्यांच्या वडिलांचं ते कापडाचं दुकान होतं. काकांनी पाटी बदलली आणि गेम ठेवले, पण हाताची सवय जाते थोडीच! कापड जसं लांबीवर विकायचं, तसे ते गेम तासांवर विकायचे, भाड्यानेही द्यायचे. जितके तास जास्त, तितकी किंमत जास्त, आणि लांब घेणाऱ्याला वर सूट. मोठे गेम काचेच्या कपाटात ताग्यांसारखे उभे असायचे. त्यांत एक जाडजूड गेम होता. त्यात राजे, लढाया, घोडे, इतके तास की मोजता मोजता काकांना जांभई आली होती. सगळे त्याला महाराज म्हणायचे. आणि दाराशी चपलांच्या शेजारी एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यावर काकांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘कटपीस’. मी त्यात.

गिऱ्हाईक मला उचलायचं आणि विचारायचं, “किती तास चालतो?”

“एक दुपार,” काका खालच्या आवाजात सांगायचे.

ज्या कापडात धड एक बाहीसुद्धा बसत नाही, ते कापड जसं टाकतात, तसं मला टाकलं जायचं. जे मला भाड्याने न्यायचे, ते दुसऱ्या दिवशी परत आणून आदळायचे. “काका, हा संपला की!” जणू मी त्यांच्या घरातून काही चोरून पळाले होते. मित्रांनो, आईस्क्रीम संपतं, गोष्ट संपते, शाळेचा तास संपतो तेव्हा तर तुम्ही उड्या मारता. मग माझ्यावरच एवढा राग का?

खूप घरं फिरले. एका घरी मला चहाच्या कपाखाली ठेवलं. एका न्हाव्याने मला आरसा म्हणून भिंतीला लावलं, आणि माझ्या मधल्या भोकापायी एका गिऱ्हाइकाची अर्धीच मिशी कापली गेली. तो गृहस्थ अजून एका बाजूनेच हसतो म्हणतात. अंगावर चरे पडले, कडा घासल्या. पुढे पुढे तर मला कोणी नेईना, आणि खरं सांगते, बरंच वाटायला लागलं. खोक्यात पडून राहावं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला बघाव्यात.

अशात एके दिवशी ठमी आली. अंगाने एवढीशी, आवाज मात्र भाजी विकणारीचा. तिचे बाबा ॲम्ब्युलन्स चालवायचे. घरात दोघंच, बाप आणि लेक. तिने पिशवीतून महाराज काढला आणि काकांपुढे ठेवला.

“हा घ्या परत.”

“का गं? अजून पुष्कळ दिवस आहेत की. संपला?”

“संपतोय कुठला! बाबांना सुट्टी असली की आम्ही बसतो. जरा कुठे घोड्यावर बसलो, की फोन वाजतो. बाबा गाडी घेऊन पळतात. पुढच्या वेळी बसले की विचारतात, ‘ठमे, मी कोण गं? राजा की घोडा?’”

“मग तू काय सांगतेस?”

“घोडा सांगते. तेवढ्यात पुन्हा फोन.”

काका पोट धरून हसले. मग धंद्याची आठवण होऊन म्हणाले, “पण तासांच्या मानाने हा सगळ्यात स्वस्त बरं का. एवढ्या पैशांत एवढे तास दुसरा कोणी देणार नाही.”

“तास आहेत हो काका. पण ते आमच्याकडे नाहीत, याच्याकडे आहेत.”

ठमीने दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. तिला बारीक आवाज होता हे तेव्हा कळलं.

“रविवारी आत्या येणार आहे. तिच्याकडे राहायला जायचं की इथेच राहायचं, ते मी ठरवायचंय. बाबा म्हणाले, तू म्हणशील तसं.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“बाबांनी माझ्याबरोबर एक, एकच गोष्ट पूर्ण केली, तर मी नाही जाणार. सिनेमा अर्धा, पत्ते अर्धे, जेवणसुद्धा अर्धं. सगळं ताटात तसंच. पण त्यांना सांगू नका हं. सांगितलं तर ते मुद्दाम करतील.”

काकांनी दाराशी जाऊन खोक्यात हात घातला आणि मला वर काढलं. शर्टाने पुसलं. “हा आहे बघ एक. पण कटपीस आहे बाई. एका दुपारचा.”

“नक्की संपतो?”

मित्रांनो, आजवर सगळ्यांनी मी किती टिकते हे विचारलं होतं. मी संपते का, हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं. मला एवढं भरून आलं, की जुने चरेसुद्धा क्षणभर बुजल्यासारखे वाटले. अर्थात ते बुजले नव्हते.

रविवार आला. ठमीचं घर म्हणजे दीड खोली. खिळ्याला बाबांचा खाकी सदरा, दाराशी नाड्या सैल करून ठेवलेले बूट, पाय सारले की निघायला तयार. टेबलावर फोन. दोघं सतरंजीवर बसले. ठमी पुढची हमाल, बाबा मागचे. आणि मी फिरायला लागले.

बाबांचा हात गाडीच्या चाकावर बसलेला, त्या चिमुकल्या बटणांवर बसेना. शिडी दरीत गेली. पुन्हा गेली.

“बाबा, वाका म्हटलं ना!”

“मी वाकलो की! तो वाकला नाही.”

“तो म्हणजे तुम्हीच!”

“असं होय. मग त्याला सांग, तुझ्या बापाचं ऐक म्हणून.”

हसत, भांडत, एकमेकांना ढोसत ते वर चढत गेले. दुसऱ्या वळणावरच्या दगडाशी वाकले, ओढा ओलांडला आणि दोरांच्या पुलाशी आले. पुलाच्या पलीकडे मनोरा. आणि फोन वाजला.

“उचलू नका,” ठमी पडद्याकडे बघत म्हणाली.

बाबांनी उचलला. उचलणारच. बोलून झाल्यावर बूट घालत म्हणाले, “ठमे, एक आजोबा जिन्यावरून पडलेत. सुट्टीच आहे गं माझी, पण पाळीवाला अजून पोचला नाही.”

“माहितीये.”

“बंद नको करू. आलोच मी.”

ठमीने खेळ थांबवून ठेवला. पडद्यावर दोन्ही हमाल पुलाच्या तोंडाशी एक एक पाय उचलून उभे. पण मित्रांनो, खेळ थांबला तरी मी थांबले नव्हते. आत मी फिरतच होते. यंत्र तापलं, मी तापले. ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेलं. माझ्या अंगाला बाक यायला लागला. त्या दिवशी माझ्यावर पोळ्या भाजता आल्या असत्या, आणि त्या फुगल्यासुद्धा असत्या.

मग आत्या आली. वाईट नव्हती हो बिचारी. आल्या आल्या वाळलेले कपडे घड्या घालून ठेवले, दादाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलं, ठमीसाठी आणलेली नवी बॅग कॉटवर ठेवली. ठमी खाली फाटकापाशी बाबांची गाडी बघायला गेली होती. खोलीत टीव्ही चालू, बघणारं कोणी नाही. आत्या स्वतःशीच म्हणाली, “या घरात विजेला काही किंमतच नाही,” आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

मी थांबले. तुम्हाला खोटं का सांगू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मग फाटकाकडून ठमीची हाक ऐकू आली, “बाबा आले!” आणि मला आठवलं, पुलापर्यंतची सगळी चढण पुसली गेली होती.

बापलेक दोघं जिना चढून वर आले. आजोबा दवाखान्यात सुखरूप पोचले होते, पाळीवालाही कामावर आला होता. बाबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ठमीने काळा पडदा पाहिला.

“आत्या, टीव्ही?”

“मी बंद केला गं. नुसताच चालू होता.”

ठमी रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं. ती खाली बसून वायर गुंडाळायला लागली. “राहू दे बाबा. तुम्ही दमलात. आता सगळं पहिल्यापासून आहे.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. काय बिघडलंय ते त्यांना सांगितलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना दिसलं. ते बुटांसकट तिच्याशेजारी बसले.

“केवढा आहे गं हा गेम?”

“एका दुपारचा.”

“त्या महाराजासारखा नाही ना?”

“नाही.”

“मग लाव. एवढाच तर आहे.”

“आता? पायथ्यापासून?”

“पायथ्यापासून. दुसऱ्या वळणावर दगड आहे, तिथे वाकायचं. पुढे ओढ्यात उजवीकडून. मला पाठ झालंय सगळं.” त्यांनी खिशातला फोन काढून बहिणीच्या हातात दिला. “हा तू ठेव. वाजला तर सांग, पाळीवाला आलाय, त्याला पाठवा. दादाला उठायला सवड नाही म्हणावं.”

‘पायथ्यापासून’ हा शब्द ऐकून माझ्या अंगातलं उरलंसुरलं त्राण गेलं. पण वायर लागली, बटण दाबलं गेलं आणि मी फिरले. माझ्या पुलाजवळच्या भागावरच मोठा चरा होता. तिथे मी श्वास रोखून धरला. सीडीला श्वास नसतो म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवं होतं.

आत्या आधी कॉटवर बसली होती. मग कडेला सरकली. मग सतरंजीवर आली आणि “अरे दादा, वाक की!” असं ओरडायला लागली. फोन एकदा वाजला. आत्याने उचलला, सांगितलं तसं सांगितलं आणि ठेवून दिला.

दोरांचा पूल पुन्हा समोर आला. इतक्यात आत्याला आपण कशाला आलो ते आठवलं. “मग पोरी, ठरवलंस का काही? तुझी बॅग...”

“आत्या, मधे बोलू नकोस गं. पूल आलाय.”

आत्याने भावाकडे पाहिलं. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं, तो जीभ दातांत धरून तोल सांभाळत होता. तिने नवी बॅग उचलली आणि हळूच कॉटखाली सारली. थोड्या वेळाने मनोऱ्यातला दिवा लागला. तिघांनी मिळून असा काही कल्ला केला, की शेजारच्यांनी ॲम्ब्युलन्स हवी का म्हणून विचारलं.

मित्रांनो, तेव्हापासून मी वाकडी झाले आहे. यंत्र मला आत घेतं आणि लगेच बाहेर ढकलतं. मीटरकाकांनी मला ठमीलाच देऊन टाकलं. महाराजावर माझा राग नाही. ज्याच्याकडे लांब सुट्टी आहे, त्याने खुशाल त्याला न्यावं, पैसे वसूल होतील. पण दुकानात तास विचाराल, तेव्हा ते तास तुमच्या घरात आहेत का, आणि शेजारी कोण बसणार आहे, तेही एकदा मोजून बघा. आणखी एक मागणं आहे. कोणाचं काही अर्ध्यावर थांबलेलं दिसलं, तर बटण दाबण्याआधी घरात एक हाक मारा. उत्तर येईपर्यंत थांबा. तोवर फिरत राहिली म्हणून सीडी मरत नाही. दमते फक्त.